विरघळणाऱ्या सुयांचा पॅच: लस टोचणाऱ्या बाईने वापरून पाहिलेला

मी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका आहे, बाळांना लस टोचणं हे रोजचं काम. त्यामुळे भाचीने डोळ्यांखाली लावायचे हायलुरॉनिक ॲसिडचे पॅच मागवले, तेव्हा मला सुरकुत्यांपेक्षा त्यातल्या सुयांचंच कुतूहल होतं. उजेडात तिरका धरला की बारीक टोकांच्या रांगा दिसतात. हलकं बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. कोरड्या त्वचेवर दाबून रात्रभर ठेवायचा. आधी चुणचुणतं, मग लक्षातही राहत नाही. रक्त नाही, सूज नाही. सकाळी काढला तर टोकं गायब! त्वचा मऊ वाटली, काळी वर्तुळं मात्र जिथल्या तिथे. या किमतीला सौंदर्यासाठी परत घेणार नाही.

पण याच तंत्राने गोवर-रुबेलाची लस देता येऊ शकते, आणि माझा जीव अडकलाय तो तिथे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात सुरुवातीच्या टप्प्यातली चाचणी झाली, निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मनगटावर पाच मिनिटं पॅच, बस्स. नऊ महिन्यांच्या बाळांपैकी ९३ टक्क्यांना एकाच डोसात गोवरापासून संरक्षण मिळालं, रुबेलापासून तर सगळ्यांना. आमच्याकडे अनेक डोसांच्या कुपीतली पावडर द्रावात मिसळली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. वाडीवर एकच बाळ आलं तरी अख्खी कुपी फोडतो, फोडायलाच हवी. पॅच असता तर त्या बाळापुरता एकच उघडला असता.