डॅशबोर्डमागं पाणी गुडगुडतंय: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की उद्यमबागचा मेस्त्री?

सकाळी गाडी स्टार्ट केली की डॅशबोर्डच्या आतनं गुडगुड असा पाण्याचा आवाज येतो, मिनिटभरात बंद होतो, बाकी गाडी एकदम बरोबर चालते, मग न्यायची कुठं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला की उद्यमबागला, म्हणजे इथल्या इंडस्ट्रियल एरियात, आपल्या मेस्त्रीकडं? बेळगावात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. मी दोन्हीकडं जाऊन आलोय म्हणून लिहितोय. तुमची गाडी वेगळी, तुमचा मेस्त्री वेगळा, तेवढं धरून वाचा.

आधी एक बघून घ्या की आवाज नक्की कशाचा आहे, कारण एसीचा आणि कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, आवाज लोक एकात एक मिसळतात आणि मग भलत्याच जागी पैसे जातात. एसी बंद केल्यावर किंवा गाडी बंद केल्यावर थोडा वेळ सूं-सूं आणि बारीक खुळखुळ येत असेल तर तो गॅस दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं करून घेत असतो, त्यासाठी कुणाकडंच जाऊ नका. एसी चालू असताना मात्र सतत फुसफुस येतेय आणि गारवाही कमी झालाय तर गॅस कमी असू शकतो, आणि तिथं मशीन असलेली जागाच बरी, कारण गॅस वजनानं भरायचा असतो, बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, नुसता हात लावून गार लागतंय का बघून भरायचा नसतो. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर पाणी डुचमळल्यासारखं वाटत असेल आणि डाव्या सीटपुढची मॅट ओली असेल तर एसीच्या पाण्याचा निचरा होणारी नळी तुंबलीय. आमच्याकडं खानापूर-जांबोटी भागात पावसाळाभर झाडाखाली लावलेल्या गाड्यांत पाला आणि चिखल जाऊन दाराच्या खालची भोकंसुद्धा बुजतात, मग दारातच पाणी साठतं. दोन्हीचं काम मेस्त्री हवेच्या पाईपनं करून देतो, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही.

खरा प्रश्न तिसऱ्या आवाजाचा. थंड गाडी स्टार्ट केल्यावर किंवा ॲक्सिलरेटर दिल्यावर डॅशबोर्डमागनं येणारी गुडगुड म्हणजे बहुतेक वेळा हीटर कोरमध्ये, म्हणजे हीटरच्या डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, हवा अडकलेली असते. आम्ही हीटर कधी लावतच नाही असं इथले लोक म्हणतात, आणि खरंच डिसेंबर-जानेवारी सोडला तर कोण लावतंय, पण बऱ्याच गाड्यांत कूलंट हीटर कोरमधनं कायम फिरत असतं, नॉब फिरवल्यावर फक्त आतली हवेची झडप हलते. हा कोर बराच उंचावर बसवलेला असतो त्यामुळं सिस्टीममध्ये शिरलेली हवा तिथं जाऊन बसते. तर आवाज हीटरमध्ये येत असला तरी दोष तिथंच असेल असं नाही, हवा शिरली कुठनं ते शोधायला पाहिजे.

सर्व्हिस सेंटरच्या बाजूनं बोलायचं तर प्रेशर टेस्टर त्यांच्याकडं असतो, म्हणजे हातपंपानं सिस्टीममध्ये हवा भरून काटा खाली येतोय का बघायचा, येत असेल तर कुठंतरी लीक आहे. स्कॅनर लावून कूलंटचं टेम्परेचर आकड्यात दिसतं. कूलंट कंपनीनं सांगितलेलंच घालतात. गाडी वॉरंटीत असेल तर मग विचारच करू नका, तिथंच न्या, जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या.

पण मला ज्या गोष्टीनं वैताग आणला ती सांगतो, कारण माझा निर्णय तिच्यावरच झाला. हा आवाज फक्त थंड इंजिनावर येतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी, पहिला स्टार्टर, तेवढाच वेळ. आता सर्व्हिस सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला, टिळकवाडीतनं निघून सकाळच्या ट्रॅफिकमधनं तिथं पोचेपर्यंत टेम्परेचरचा काटा मध्यावर आलेला, ॲडव्हायझर येऊन बॉनेट उघडतो, ॲक्सिलरेटर देतो, कान लावतो, काहीच नाही. त्याचीही चूक नाही, आवाज नसताना त्यानं काय ऐकायचं. मी म्हटलं बरं, रात्रभर ठेवून घ्या. ठेवून घेतली. पण सकाळी तिथं सगळ्यात आधी येतो तो वॉशिंगचा पोरगा, तो गाड्या रॅम्पवर न्यायला एकेक स्टार्ट करून हलवतो, आणि टेक्निशियन चहा घेऊन माझ्या गाडीपाशी येईतो इंजिन कोमट झालेलं. जॉब कार्डवर ‘आवाज आढळला नाही’. पुढच्या वेळी काचेवर कागद चिकटवला, थंड असतानाच स्टार्ट करावी म्हणून, तरी तेच. आणि आवाज न ऐकताच एस्टिमेट मात्र आलं, कूलंट फ्लश करू, नाहीतर हीटर कोर बदलू. हीटर कोर बदलायचा म्हणजे बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागतो. एकदा उतरलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा गप्प बसेल याची खात्री कोण देणार?

शिवाय त्यांनी लेव्हल बघितली ती बाटलीची, म्हणजे रेडिएटरशेजारी जादा कूलंटसाठी असते त्या प्लॅस्टिकच्या बाटलीची. बाटलीत कूलंट मॅक्सच्या रेषेला होतं, म्हणून ‘लेव्हल ओके’.

उद्यमबागच्या मेस्त्रीकडं गेलो तेव्हाही गाडी गरमच होती. त्यानं ऐकून घेतलं, बॉनेटला हातसुद्धा लावला नाही, म्हणाला, “इरली बिडी सर (असू द्या सर), आज काय कळायचं नाही, गाडी इथंच राहू दे, चावी माझ्याकडं द्या, सकाळी मीच पहिला स्टार्टर मारतो.” मला तर तिथंच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं. सकाळी मी पण गेलो. शेड नुकतं उघडलेलं, गाडी दवानं ओली. त्यानं स्टार्ट करायच्या आधी रेडिएटरची टोपी उघडली, थंड गाडी असल्यामुळंच उघडता आली, गरम असताना ती उघडायची नसतेच, उकळतं कूलंट तोंडावर येतं. आत बघितलं तर रेडिएटर दोन बोटं खाली, आणि बाटली मात्र मॅक्सच्याही वर. मग टोपी उलटी करून मधला छोटा वॉल (व्हॉल्व्ह) नखानं ओढून दाखवला, रबर कडक होऊन त्यावर गोल खाच पडलेली.

त्याचा अर्थ असा की गाडी गरम झाली की कूलंट फुगून टोपीतनं बाटलीत जातं, तिथपर्यंत बरोबर. गाडी गार होताना रेडिएटरमध्ये ओढ तयार होते आणि त्या छोट्या वॉलमधनं कूलंट बाटलीतनं परत आलं पाहिजे. रबर गेलेलं असलं की कूलंटच्या ऐवजी कडेनं हवा आत ओढली जाते. रोज रात्री थोडी हवा आत, थोडं कूलंट बाटलीतच राहिलेलं. म्हणून बाटली भरलेली दिसते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि सकाळी हीटर कोर गुडगुडतो. बाटलीची नळी कुठं चिरली असेल तरी हेच होतं. ज्या गाड्यांत रेडिएटरला टोपी नाही, फक्त प्रेशरची प्लॅस्टिक टाकी आहे, तिथं हा हिशोब थोडा बदलतो, पण टाकीचं झाकण तिथंही आधी बघावं.

नवीन टोपी काही शे रुपयांची. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा प्रेशरचा आकडा असतो, तो जुन्या टोपीइतकाच पाहिजे, दिसायला सारखी म्हणून दुसरी बसवू नका. हे प्रेशर शोभेसाठी नसतं. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, इथं साधं पाणी शंभर अंशांच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी समुद्रसपाटीला उघड्यावर साधारण १०७ अंशांपर्यंत जातं आणि टोपीचं प्रेशर धरून असलं तर १२०च्या वर. वंटमुरीच्या चढाला किंवा गोव्याहून येताना चोर्ला घाट भरल्या गाडीनं चढताना ह्याचाच आधार असतो.

मग हवा काढली. गाडीचं तोंड उतारावर वर करून उभी केली, हीटर फुल गरमवर, टोपी उघडी ठेवून इंजिन थंडापासून चालू केलं आणि रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत वरचा होज पाईप हातानं दाबत राहिला. बुडुक बुडुक करत बुडबुडे येत होते, लेव्हल खाली जात होती, तो कूलंट ओतत होता. घाई अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थंड गाडीवर लेव्हल बघून मग चावी दिली. तेव्हापासून माझ्या गाडीत तो आवाज नाही.

आता मेस्त्रींच्या बाजूलाही सांभाळायच्या गोष्टी आहेत आणि त्या लहान नाहीत. काही मेस्त्री ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅटची (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) गरज नाही, काढून टाकूया’ म्हणतात. काढू देऊ नका, इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं. काहीजण हीटरचे दोन्ही पाईप एकमेकांना जोडून हीटर बायपास करतात, त्यानं आवाज जातो हे खरं पण हवा शिरायची ती शिरतच राहते, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. आणि ऐकू येत नाही हेच धोक्याचं, कारण ती गुडगुड म्हणजे तुम्हाला मिळणारी पहिली सूचना असते. तिसरं म्हणजे बोअरचं पाणी. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी जड पाणी, त्याचा क्षार आत बसतो. कूलंट स्वतः विकत घेऊन जा, तयार मिक्स केलेलंच घ्या, आणि हिरवं असेल तर त्यात गुलाबी घालू नका. सांडलेलं लगेच धुवायला सांगा, विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

टोपी बदलून, हवा काढूनही काही दिवसांत गुडगुड परत आली तर मात्र मी स्वतः मेस्त्रीकडं हट्ट धरणार नाही. रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना बुडबुडे थांबतच नाहीत, होज पाईप सकाळी लगेच दगडासारखा कडक होतो, कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, सायलेन्सरमधनं गोड वासाचा पांढरा धूर, असलं काही असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या पॅकिंगचा, संशय घ्यावा लागतो. त्याची एक साधी टेस्ट असते, निळं पाणी रेडिएटरच्या तोंडावर धरायचं, सायलेन्सरमधनं जाणारा गॅस तिथं येत असेल तर ते पिवळं पडतं. ती ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं जा, मग तो कंपनीचा असो की उद्यमबागचा. आत काचेवर चिकट धुकं आणि कूलंटचा गोड वास येत असेल तर हीटर कोरच लीक आहे, तिथं बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवण्यावाचून इलाज नाही आणि ते काम सर्व्हिस सेंटरला केलेलं मला जास्त बरं वाटेल.

बाकी वॉरंटी संपलेली, सात-आठ वर्षांची पेट्रोल गाडी आणि फक्त सकाळची गुडगुड, एवढंच असेल तर मी तरी मेस्त्रीकडं जाईन. जायच्या आधी घरी थंड गाडीचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, पहिल्या स्टार्टरपासून, टेम्परेचरचा काटा दिसेल असा. आणि दोन्हीकडं फोन करून एकच विचारा, गाडी रात्री ठेवली तर सकाळी पहिल्यांदा स्टार्ट कोण करणार? जो ‘मी’ म्हणेल त्याला चावी द्या.