काळी एकचा खर्ज आणि आमचा १६ फुटी हॉल : बुकशेल्फ स्पीकरचा काही महिन्यांचा अनुभव

स्पीकर कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न पहिला येणार म्हणून आधीच सांगते : नाव मुद्दाम लिहीत नाही. साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग) आणि पाठीमागे पोर्ट (हवेचं भोक) असलेली ही मध्यम किमतीची जोडी आहे. या वर्गातल्या बहुतेक जोड्यांना पुढचं सगळं थोड्याफार फरकाने लागू पडेल. अ‍ॅम्प्लिफायर ५० वॉटचा, साधा. घर सांगलीत, विश्रामबागेत, दुसरा मजला. हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद. खाली गुळगुळीत टाइल्स, चारही बाजूंना सिमेंटचा गिलावा, एका अंगाला बाल्कनीचं काचेचं दार. म्हणजे आवाज शोषून घेईल असं फारसं काही नाही. जोडी पावसाळ्यात घरी आली. आता उसाचा हंगामही उरकला, ऊन तापायला लागलंय, तेव्हा मत द्यायला हरकत नाही.

आपल्याकडे ‘स्पीकर घेतले’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डॉल्बी येते. शेजारचे काका पाहायला आले आणि “एवढेसेच?” म्हणून चहा घेऊन गेले. त्यांना छातीत धडधड हवी होती. ती हवी असेल तर इथूनच परत फिरा. साधारण ५० हर्ट्झच्या खाली या पेट्या हात टेकतात. मला गाणं ऐकायचं होतं, त्यातही जास्त करून ख्याल आणि जुनं नाट्यसंगीत.

दुकानातून बसवायला आलेल्या मुलाने दोन्ही पेट्या शोकेसवर, भिंतीला टेकवून, कोपऱ्यात ठेवल्या. “मॅडम, कोपऱ्यात बास वाढतो,” म्हणाला. वाढतो हे खरंच. भिंत, जमीन, कोपरा असा एकेक पृष्ठभाग जवळ आला की खालचे सूर फुगत जातात. पण पुरुष गायकाची लांब आलापी लावली की खर्जातले एकदोन सूर घुमायचे आणि बाकीचे दबायचे. तबल्याचा बाया तर प्रत्येक घिश्श्याला एकच सूर बोलल्यासारखा. त्या आठवड्यात पेट्या परत द्याव्यात असं घरात सगळ्यांचं एकमत होत आलं होतं.

आज त्याच पेट्या, तीच वायर, तोच अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि ही जोडी मी कुणालाही द्यायला तयार नाही. बदलली ती जागा. माझ्या मते या किमतीत दुसरी, महाग पेटी घेऊन जो फरक पडेल त्याहून मोठा फरक जागेने पडतो. मात्र जागा कशी ठरवायची याबद्दल ‘अमुक फूट सोडा’ असे जे सरसकट नियम सांगितले जातात, त्यांवर माझा फार विश्वास उरलेला नाही. ज्या वाद्याचा खरा आवाज आपल्या कानात मुरलेला आहे, ते लावून जागा शोधावी. आमच्या भागात असं वाद्य कोणतं, हे वेगळं सांगायला नको.

मिरज इथून हाकेच्या अंतरावर. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात आईचा मिरजेचाच तंबोरा आहे आणि जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) उतरली की तो तिकडेच जातो. मी गाणारी नाही, पण तारा छेडून बसण्यात आयुष्य गेलंय. स्पीकर तपासायला तंबोऱ्यासारखं दुसरं साधन मला तरी सापडलं नाही. एकतर तो सलग वाजतो, त्यामुळे पेटी सरकवली की काय बदललं ते लगेच कळतं. दुसरं म्हणजे त्याचा आवाका. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार, सुमारे ६९ हर्ट्झवर, जोडाच्या म्हणजे मधल्या सा च्या दोन तारा १३९ च्या आसपास, आणि जवारीमुळे वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उठणारे सूर) पार काही हजार हर्ट्झपर्यंत. घोडीचा रुंद, किंचित गोलसर माथा आणि तारेखालचा दोरा यांमुळे हे होतं. तार जिथे छेडावी तिथे जे स्वरांश एरवी उठूच नयेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, असं सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या निबंधात दाखवलं होतं. म्हणजे एकाच वाद्यात तळापासून टोकापर्यंत सगळी तपासणी. वर ‘खरा आवाज असाच का?’ ही शंका उरत नाही. उठायचं, कोपऱ्यातला तंबोरा घ्यायचा, छेडायचा.

आता हॉलचं गणित, कारण खरी मेख तिथे होती. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून उभे राहतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १६ फूट, म्हणजे ४.८८ मीटर लांबीत पहिला असा सूर ३५ हर्ट्झचा. तो माझ्या पेट्या वाजवतच नाहीत. दुसरा ७० चा. काळी एकचा खर्ज ६९! आमच्या हॉलची लांबी आणि बऱ्याच पुरुष गायकांचा खर्ज यांची अशी गाठ पडलेली. हा ७० चा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि मधोमध जोरात असतो, आणि भिंतीपासून ४ फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. आमचा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, पेट्या समोरच्या भिंतीला चिकटलेल्या. दोन्ही टोकं नेमकी घुमणाऱ्या जागी.

हे कागदावर मांडल्यावर मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून हॉलमध्ये नुसती चालले. सोफ्यापाशी खर्ज अंगावर येतो, ४ फूट पुढे आलं की खर्जाची तार तुटली की काय असं वाटतं, आणखी पुढे आलं की परत भरतो. घरी एकदा करून पाहा, दुसरं काही केलं नाही तरी चालेल. सोफा हलवणं शक्य नव्हतं (घरातला टीव्ही आणि घरातली माणसं, दोन्ही त्याला बांधलेली). म्हणून ऐकायला वेताची एक खुर्ची वेगळी ठेवली, मागच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर. तिथे खर्ज आहे, पण तो बाकीच्या तारांना खात नाही.

पेट्यांचं प्रकरण याहून किचकट. भिंतीपासून पुढे घेतल्या की वूफरमधून निघून मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज एका विशिष्ट सुराला उलटा मिळतो आणि त्याचं अंग काढून घेतो. तो सूर काढायची रीत सोपी : आवाजाचा वेग भागिले वूफर ते भिंत अंतराची चौपट. २ फुटांवर ठेवल्या तर १४० हर्ट्झ. म्हणजे काळी एकच्या जोडाच्या तारा, गायकाचा मधला सा! ऐकूनही तेच कळलं, आवाज घसा बसल्यासारखा बारीक. २ फूट ८ इंचांवर गेले तर हा गळणारा सूर, म्हणजे खळगा, १०५ ला. पुरुषांचं गाणं सुधारलं, पण काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा तंबोरा लावला तर तिचा खर्ज १०४ चा, तो पातळ. शेवटी ३ फुटांवर थांबले. तिथे खळगा ९४ च्या आसपास, दोन्ही खर्जांच्या मध्ये. खळगा रुंद असतो, त्यामुळे त्रास पूर्ण गेला असं म्हणणार नाही, पण कोणत्याही एका गायकावर अन्याय होत नाही. बाजूच्या भिंतीपासून वूफरचं अंतर २३ इंच, जमिनीपासून ३० इंच, मागच्या भिंतीपासून ३६ इंच. तिन्ही वेगवेगळी ठेवायची हे महत्त्वाचं. सारखी झाली तर तिन्ही खळगे एकाच सुरावर पडतात.

स्टँड कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतले. चौकोनी पाइप, खाली जाड पत्रा, पाइपात कोरडी वाळू. बाजारातल्या तयार स्टँडच्या मानाने ओबडधोबड दिसतात, पण हलत नाहीत. उंची अशी की ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा भाग) खुर्चीत बसल्यावर कानाच्या रेषेत.

मोठ्या हालचाली तंबोऱ्यावर झाल्या. पेट्यांच्या बारीक हालचालींसाठी आधी मोनो ध्वनिमुद्रण. स्टिरिओची कल्पना ॲलन ब्लमलाइन यांनी इंग्लंडमध्ये १९३१ साली पेटंटसाठी मांडली, पण आपल्याकडच्या जुन्या तबकड्या सगळ्या मोनो. १९३७ साली गेलेल्या ख्यालगायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं जे काही ध्वनिमुद्रण आहे ते मोनोच असणार. दोन्ही पेट्यांतून अगदी एकच आवाज येतो, म्हणजे खाँसाहेब बरोब्बर मधोमध बसलेले दिसले पाहिजेत. हात पसरल्यासारखे रुंद नाहीत, डावीकडे सरकलेले नाहीत. आमच्याकडे ते डावीकडे, काचेच्या दाराकडे झुकायचे. दारावर आजीची गोधडी टांगली आणि अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा इंचांचा होता. एक पेटी अर्धा इंच जवळ आली तर तिचा आवाज सुमारे ३७ मायक्रोसेकंद आधी पोचतो. दोन कानांमधला १० मायक्रोसेकंदांचा फरकही माणसाला दिशा म्हणून जाणवू शकतो. त्यामुळे ‘अर्ध्या इंचाने काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांकडे मी आता दुर्लक्ष करते. आवाज मध्यभागी येतच नसेल, सगळीकडे पसरल्यासारखा वाटत असेल, तर हलवाहलवी सोडून आधी एका पेटीची लाल-काळी वायर उलटी तर नाही ना, ते बघा.

तुलना करताना दोन पथ्यं. आवाजाची पातळी अजिबात बदलायची नाही, कारण किंचित मोठं वाजलं तरी ते ‘चांगलं’ वाटतं. आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर लगेच जायचं. आवाजाचा बारीक पोत कानात फार वेळ टिकत नाही, चहा पिऊन आल्यावर केलेली तुलना ही आठवणीशी तुलना असते. जमिनीवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या, अर्ध्या मिनिटाचा तोच तुकडा, मी डोळे मिटून, आणि पेटी हलवायला भाचा. त्याला ख्यालाचं वावडं, “आत्या, किती वेळ आ-आ चालणार?” हे दर फेरीला. पण नंतर मी त्याला खुर्चीत बसवलं, तेव्हा त्यानेही निळीच पट्टी निवडली. कारण विचारलं तर म्हणाला, “तबला वेगळा ऐकू येतो.” बरोबर होतं. निळ्या खुणेवर बायाची मींड शेवटपर्यंत सरकताना कळते, लाल खुणेवर ती मधेच एका सुरावर अडकते.

पेट्या आत किती वळवायच्या यावर फार लिहिण्यासारखं नाही. थेट कानावर रोखल्या तर हार्मोनियम टोचते, सरळ ठेवल्या तर गायक धूसर होतो. माझ्या पेट्यांचा रोख डोक्याच्या जरा मागे मिळतो. दोन्हींमध्ये ७ फूट २ इंच अंतर आहे. याहून लांब नेल्या तेव्हा मधे भगदाड पडलं.

पाठीमागचा पोर्ट ही या जोडीची सगळ्यात नावडती गोष्ट. भिंतीजवळ ठेवणं ज्यांना भागच आहे त्यांनी पुढे पोर्ट असलेली किंवा पूर्ण बंद पेटी बघावी. पोर्टमध्ये सुती मोजा कोंबून पाहिला. घुमणं कमी झालं, पण बायाही सुकला, म्हणून काढून टाकला. जाळी काढून ऐकलं तर वरचे सूर मोकळे होतात, फक्त धूळ बसते. पंख्याचं कुणी सांगत नाही : पंखा जोरात असला की सलग सुरात बारीक थरथर येते, आणि तंबोऱ्यावर ती सगळ्यात आधी कळते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पहाटेच ऐकायचं. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टरवाल्यांची गाणी आमच्या गाण्यावर सरळ मात करतात, त्याला काही इलाज नाही. उन्हाळ्यात आणखी एक होतं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. २० अंशांवर ७० ला असलेला हॉलचा सूर ३५ अंशांवर ७२ च्या पुढे जातो, आणि ध्वनिमुद्रणातला खर्ज मात्र ६९ वरच. म्हणजे कागदावर तरी आमचा हॉल मे महिन्यात खर्जाला थोडी जास्त मोकळीक देतो. हे कानाने कळलं असा दावा करत नाही.

खुर्ची सोडून सोफ्यावर बसणाऱ्यांना यातलं निम्मंच मिळतं, हे मान्य. तिथे खर्ज अजूनही जास्त आहे, आणि कडेला बसलेल्याला गायक जवळच्या पेटीत बसलेला दिसतो. पाहुणे आले की मी त्यांना आळीपाळीने खुर्चीत बसवते. काहींना ते देवदर्शनाच्या रांगेसारखं वाटतं, बसतात मात्र.

जमिनीवरच्या चिकटपट्ट्यांचा गोंद टाइल्सवर राहिला, तो खोबरेल तेलाने निघाला. आता खुणा ऑइल पेंटच्या छोट्या ठिपक्यांनी केल्या आहेत. फरशी पुसायला येणाऱ्या ताई स्टँड थोडे सरकवतातच, म्हणून खुर्चीच्या पाठीला एक न ताणणारी सुतळी बांधून ठेवली आहे, तिच्यावर ८ फूट ४ इंचांची गाठ. गाठ दोन्ही ट्वीटरपर्यंत सारखी पोचली की झालं. ताई आता पुसून झाल्यावर स्वतःच सुतळी लावून बघतात, आणि डावा स्टँड नेहमी थोडा मागे राहतो, तेवढा मी पुढे घेते.