पीटर टेलरचं 'कलेक्टेड स्टोरीज' : मुन्सी म्हातारीसाठी तरी घ्याच

सेकंडहँड मागवलं, 1969 ची एडिशन. कुरिअरवाला गावात येतच नाही, तालुक्याच्या स्टँडवर जाऊन आणावं लागलं, पानं पिवळी पडलेली पण बांधणी पक्की, पैसे वसूल.

टेलर अमेरिकेतल्या टेनेसीचा, जन्म 1917 चा, पेशानं मास्तर. ग्रीन्सबरो, केनियन अन् 1967 पासून व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवलं. पहिला कथासंग्रह 1948 ला आला अन् पुलित्झर हे तिकडचं मोठं बक्षीस मिळालं 1987 ला, तेही कादंबरीला! जन्मभर कथा लिहिणाऱ्याची ही गत, बोला.

'व्हॉट यू हिअर फ्रॉम एम' आधी वाचा, अनुक्रम गेला उडत. मुन्सी ही काळी म्हातारी, डॉक्टर टॉलिव्हरची आईविना पोरं तिनं वाढवली. त्यातले थॅड अन् विल मोठे होऊन शहरात गेले, पैसेवाले झाले. ही गावभर खरकटं गोळा करत डुकरांसाठी गाडी ओढते, मोटारीवाले हॉर्न मारतात, ही हटत नाही, अन् दिसेल त्याला विचारते की पोरांची काय खबर. दोन दिवसांच्या भेटीत तिला काडीचा इंटरेस्ट नाही, कायमचे कधी येतात ते सांगा. आपल्याकडं पारावर बसलेली कोणतीही म्हातारी घ्या, पोरगा पुण्याले, अन् पुण्यावरून आलेल्याले धरून विचारते, "काय म्हणते आमचा? कधी येऊन राहिला?" मग गावात डुकरं पाळायची बंदी होते अन् त्यामागं हीच पोरं असतात, का तर म्हातारी गाडीखाली येऊ नये! वाईट कोणीच नाही हो यात, त्यानंच जास्त लागतं.

मिस लिओनोराची कथा पण भारी. आयुष्यभर गावातली पोरं शिकवलेल्या बाईचं घर नव्या शाळेसाठीच घ्यायला निघतात, अन् सांगणारा तिचाच जुना विद्यार्थी. समृद्धी महामार्गाच्या मोजणीच्या वेळी नोटिसा पाहिलेल्यांना वेगळं काय सांगू.

खटकलं ते पण सांगतो. काही कथा लय संथ, बड्या घरांतल्या पार्ट्या अन् नातीगोतीच चालू राहतात, दोन तर मी अर्ध्यात सोडल्या. अन् काळी माणसं बहुतेक वेळा गोऱ्या मालकांच्या ओसरीवरूनच दिसतात, मुन्सीसारखी एखादीच आपल्या पायावर उभी.

पुलित्झरवाली 'अ समन्स टू मेम्फिस' यवतमाळ-दारव्हा साइडला कोणाकडं असेल तर कळवा, वाचून परत आणून देतो.