फुटीचं सीझन पॅक घेतलं आणि वर्षभर हरणारी टीम पाहिली, त्याचा रिव्ह्यू

पहिलेच सांगतो, फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आणि तो दाखवणारं हे ॲप सगळ्यांसाठी नाहीये. ज्याला जिंकणारी टीम बघून मजा घ्यायचीये त्याने पैसे घालू नका, रील्समध्ये फुकट दिसतं सगळं. मी घेतलं त्याचं कारण वेगळंय. चोपडा तालुक्यात आमच्या गावाचं कबड्डी मंडळ आहे, मी पोरांची प्रॅक्टिस घेतो, आणि दोन वर्षांपूर्वी आमची जुनी पोरं एका दमात गेली, दोघं पोलीस भरतीत, तिघं चाकणला कंपनीत, एकाचं लग्न झालं तर तो सुरतला सासऱ्याच्या धंद्यात बसला. मागे राहिली सोळा-सतरा वर्षांची. आणि दर स्पर्धेनंतर पारावर एकच प्रश्न, "मास्तर, आपण जिंकणार कधी?" माझा आतेभाऊ मेलबर्नला असतो, त्याला हे रडगाणं फोनवर ऐकवलं तर म्हणे तू इकडच्या फुटीतल्या नॉर्थ मेलबर्न क्लबच्या मॅचेस बघ, ते पण नवी पोरं घेऊन हरतायत, तुझंच दुखणं आहे.

म्हणून मार्च 2025 ला फुटीच्या अख्ख्या सीझनचं पॅक घेतलं.

खेळ थोडक्यात. मोठं अंडाकृती मैदान, एका बाजूला 18 जण, मधल्या दोन खांबांतून लाथेने गेला तर 6 पॉइंट, बाजूच्या खांबातून गेला तर 1. बॉल हाताने फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसायचा. वीस मिनिटांचे चार क्वार्टर, पण घड्याळ थांबतं म्हणून एकेक अर्ध्या तासाचा होतो. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पहिल्यांदा पाहिलं तर पाच मिनिटं गप्प बसले आणि मग, "हाई काय शे रे?"

टायमिंग मात्र आपल्याला झकास जमतं. एप्रिलनंतर मेलबर्नवाले आपल्या साडेचार तास पुढे असतात, म्हणजे शुक्रवारची रात्रीची मॅच आपल्याकडे दुपारी तीनच्या पुढे सुरू, शनिवारची दुपारची मॅच सकाळी चहाबरोबर. मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसतेच, तेव्हा कूलरसमोर बसून बघायला याच्यासारखं काही नाही, लाइट असली तर.

आता मुद्द्याचं. पॅकमध्ये हायलाइट्स, दहा-पंधरा मिनिटांची छोटी मॅच आणि पूर्ण रिप्ले असं सगळं येतं. पहिले दोन महिने मी फक्त हायलाइट्स बघत होतो आणि मला वाटायचं ही टीम म्हणजे नुसता चिवडा आहे. हरणाऱ्या टीमचे हायलाइट्स म्हणजे समोरच्याचे गोल आणि आपल्या पोरांच्या खाली घातलेल्या माना, दुसरं काय दिसणार. मग एका रविवारी शेतात पाण्याची पाळी नव्हती म्हणून पूर्ण मॅच लावली आणि तेव्हा कुठे पैसे वसूल व्हायला लागले. एकोणीस वर्षांचा पोरगा तिसऱ्या क्वार्टरला दमल्यावर काय करतो, चूक झाल्यावर परत जागेवर पळतो की कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, हे हायलाइटवाला दाखवतच नाही, आणि कोच लोकांना तेवढंच बघायचं असतं.

उदाहरण म्हणजे हॅरी शीझल. 2022 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर घेतला. ड्राफ्ट म्हणजे जी टीम खाली राहिली तिला नवी पोरं आधी निवडायला मिळतात. हा शाळकरी वयात पुढे खेळून गोल मारणारा, पण नॉर्थने पहिल्या वर्षी त्याला मागे, हाफबॅकला ठेवला. मी जुन्या मॅचेस काढून बघितल्या तेव्हा कळलं का. तिथे पूर्ण खेळ तोंडासमोर असतो, मधल्या गर्दीत मोठ्या गड्यांची टक्कर पाठीत बसत नाही, बॉल हातात जास्त येतो आणि वाचायला शिकतो पोरगा. त्याच 2023 ला त्याला रायझिंग स्टार, म्हणजे नव्या पोरांतल्या सर्वोत्तमाचं बक्षीस, मिळालं आणि क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच, आणि टीम? 3 मॅच जिंकली फक्त, खालून दुसरी. म्हणजे टेबल बघणाऱ्याला वाटणार वर्ष वाया गेलं.

आमच्या एका पोराला मी सरळ रेडला पाठवत होतो कारण चपळ आहे, आणि तो दर वेळी पकडला जाऊन घाबरट व्हायला लागलेला. हे बघून त्याला कव्हरला, म्हणजे बचावात, घेतला, शेजारी टीममधला त्यातल्या त्यात मोठा, हात धरून. 13 बाय 10 च्या पट्टीत हाफबॅक वगैरे काही नसतं हे मलाही कळतं, पण पोरगा आता समोरच्या रेडरचे पाय बघतो, आधी जमिनीकडे बघायचा.

सगळंच गोड आहे असं नाही. याच क्लबने 2021 च्या ड्राफ्टमध्ये जेसन हॉर्न-फ्रान्सिसला पहिल्या नंबरवर उचललं, आणि तो एका सीझनमध्ये आपल्या घरच्या साउथ ऑस्ट्रेलियात, पोर्ट ॲडलेड क्लबला निघून गेला. अठरा वर्षांचं पोरगं घरापासून लांब, वर टीम दर आठवड्याला हरतेय. आमच्याकडचं पोरगं पुण्याच्या हॉस्टेलवरून दिवाळीला येतं आणि परत जायचं नाव घेत नाही, तसंच हे. आता नॉर्थला क्लार्कसन कोच आहे, हॉथॉर्न क्लबला 4 चॅम्पियनशिप जिंकून दिलेला माणूस, तरी 2025 ला 5 विजय आणि एक बरोबरी, ती बरोबरी ब्रिस्बेनशी, जे पुढे चॅम्पियन झाले.

ब्रिस्बेन पण 2017 ला तळाला होतं बरं का. 2018 ला त्यांनी हॉथॉर्नचा ल्यूक हॉज आणला, तेहतीस वर्षांचा, रिटायर होतो म्हणालेला, फक्त पोरांच्या मधे उभा राहून ओरडायला. त्या वर्षी 5 च मॅच जिंकले, पुढच्या वर्षी टेबलात दुसरे, आणि 2024, 2025 लागोपाठ चॅम्पियन. मी अण्णांना हे सांगितलं तर केळीवाल्या माणसाला त्यात नवल वाटेना. म्हणे पिलबागेत आपण घड काढल्यावर जुनं खोड लगेच भुईसपाट करतो का? उभं ठेवतो, त्यातलं पाणी पिलाला, म्हणजे बुडाशी फुटलेल्या नव्या कोंबाला, जातं. नॉर्थने सिडनीचा जुना गडी ल्यूक पार्कर आणलाय तो दिसला की अण्णा म्हणतात, "तुझं खोड आलं बघ." माझ्या मंडळाकडे खोडच नाही हा माझा प्रॉब्लेम, चाकणवाल्यांना सुट्टी मिळत नाही.

आता ॲपच्या तक्रारी. एक म्हणजे उघडल्याबरोबर तोंडावर स्कोअर. लाइट गेली म्हणून संध्याकाळी रिप्ले बघायला बसावं तर आधीच लिहिलेलं असतं किती पॉइंटने हरले, माझ्या टीमचं तसं गुपित राहत नाही तरी पण. दुसरं, कॅमेरा सतत बॉलच्या मागे. बॉलपासून लांब पोरगा जागा धरतोय का हे बघायला मागून पूर्ण मैदान दाखवणारा अँगल पाहिजे, तो यांच्याकडे नाहीच, म्हणून वर म्हटलं ते दमल्यावर पळणं वगैरे मला निम्मंच दिसतं. कस्टमर केअरला मेल टाकला, तीन आठवड्यांनी उत्तर आलं, पासवर्ड कसा बदलायचा त्याचं. तिसरं, पैसे ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये कटतात, कार्डावर इंटरनॅशनल चालू करावं लागतं, ते करायला मला बँकेत दोन चकरा पडल्या.

साडेतीन स्टार. अर्धा स्टार त्या मेलचा कापलाय. घ्यायचं असेल तर सीझन सुरू होताना मार्चमध्ये अख्खं घ्या, महिन्याचं घेऊ नका, आणि पैसे भरल्या भरल्या ऑटो-रिन्यू बंद करा, नाहीतर सप्टेंबरला खेळ संपतो आणि कटिंग चालूच राहते, माझे एकदा गेलेत.