जाड भिंतींच्या घरात मेश वायफाय : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

मेश वायफाय, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन राउटरसारखे डबे, घ्यायला निघालेल्यांना माझं पहिलं सांगणं एकच : दोन डब्यांच्या मधल्या वायरीचा विचार आधी करा, डब्यांचा नंतर. गेल्या पावसाळ्यात पुण्यात सहकारनगरच्या आमच्या घरी दोन डब्यांचा संच बसवला. आता उन्हाळा लागलाय. तो इतका सुरळीत चालतोय याचं निम्म्याहून जास्त श्रेय मी त्या वायरीला देते.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, तळमजला आणि वर एक मजला. लोडबेअरिंग बांधकाम, म्हणजे सगळा भार भिंतींवरच, बाहेरच्या भिंती चौदा इंची, आतल्या नऊ इंची. फायबर पुढच्या खोलीत येतं आणि कंपनीचा राउटर तिथेच. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर त्या खोलीत नव्वदच्या पुढे मिळायचे, स्वयंपाकघरात तीसेक, आणि वरच्या मागच्या खोलीत, जिथे मी दिवसभर काम करते, तिथे पाच-सात. मध्ये स्लॅब, दोन भिंती आणि आईंचं लोखंडी कपाट. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (बँड) ५ गिगाहर्ट्झला वेग आहे, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या सगळ्या बंगल्यांचे राउटर त्याच तिघांत दाटीवाटीने बसलेले.

स्वस्तातला एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, मी विचारातच घेतला नाही. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्यावरूनच पुढे बोलायचं म्हटलं की वेग साधारण निम्मा होतो. व्हिडिओ कॉलवर काम असणाऱ्याला ते परवडत नाही.

घेतला तो वायफाय ६, ड्युअल बँड, खोक्यावर एएक्स३००० लिहिलेला संच. हा आकडा नीट समजून घ्या. २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची ती बेरीज. एका फोनला हे दोन्ही एकदम मिळत नाहीत. शिवाय २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो आणि बहुतेक फोन ८० वरच चालतात, म्हणजे कागदावर १२०१. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. त्यामुळे एएक्स५४०० साठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा प्रत्येक डब्याला गिगाबिट पोर्ट आहेत ना, आणि वायरने जोडायची सोय, म्हणजे इथरनेट बॅकहॉल, आहे ना, हे पाहिलं.

सुरुवातीला दोन्ही डबे बिनवायरीचे चालवले. वर पस्तीस-चाळीस मिळायला लागले. आधीच्या मानाने खूपच, पण संध्याकाळी आवाज तुटायचा, कारण डब्यांचं आपापसातलं बोलणं आणि आमचं बोलणं एकाच ५ गिगाहर्ट्झवरून चालतं. मग तापकीर गल्लीतून कॅट ६, म्हणजे नेटवर्कची, केबल आणली. तिथे मीटरवर मिळते, पण शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसायला अगदी तशीच असते. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी निघते. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची तर उन्हासाठीची काळ्या आवरणाची घ्या, साधी राखाडी दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. आम्ही जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली, गच्चीवरून मुद्दाम नाही. वळवाच्या विजा आठवल्या की उघड्यावरची लांब वायर नको वाटते.

वायर लागली आणि वर नव्वदच्या पुढे! दिवाळीत कनेक्शन ३०० चं केलं तेव्हा मात्र खाली २८० आणि वर ९५ वर अडकलेलं. ॲपमध्ये वरच्या डब्याची लिंक १००० ऐवजी १०० दिसत होती. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “ताई, नेट चालतंय ना, मग वायर बरोबरच आहे.” ते पटण्यासारखं नव्हतं. एका टोकाचं क्रिम्पिंग, म्हणजे कनेक्टर बसवणं, पुन्हा करून घेतलं आणि १००० आलं. त्यामुळे पैसे देण्याआधी हा आकडा बघाच.

संच ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवलाय, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो, राउटरचं काम कंपनीचाच राउटर करतो. कंपनीच्या राउटरचं स्वतःचं वायफाय बंद. नाहीतर दोन राउटर एकामागे एक होतात आणि ऑफिसच्या व्हीपीएनला आणि खेळांना त्रास होतो. तळमजल्यावरून बोलत बोलत वर गेलं तरी कॉल तुटत नाही. सासऱ्यांचा जुना फोन मात्र खालचा डबा सोडत नाही, कारण कुठल्या डब्याला धरायचं हे शेवटी फोनच ठरवतो. पाण्याच्या पंपाचा स्मार्ट स्विच फक्त २.४ वर चालतो. त्याच्यासाठी वेगळं नाव दिलं आणि तो प्रश्न संपला.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्यासाठी छोटे डीसी यूपीएस घेतले. फायबरच्या राउटरला एक आणि दोन्ही डब्यांना एकेक. फायबरच्या मधल्या वाटेवर वीज लागत नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला बॅकअप असला की नेट चालू राहतं. व्होल्टेज आणि अँपिअर ॲडॉप्टरवर वाचूनच यूपीएस घ्या.

पुनावळ्याला बहिणीचा फ्लॅट मायव्हानचा, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. तिथे वायफाय आमच्यापेक्षाही वाईट अडतं, पण भिंतीतून टीव्ही-टेलिफोनसाठी पाइप आधीच टाकलेले होते. त्यातूनच केबल ओढली. तुमच्याकडे असे पाइप असतील तर निम्मं काम झालेलं आहे. विटांच्या भिंतींचा साधा दोन बेडरूमचा फ्लॅट असेल तर मेश घेऊच नका. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा आणि आठवडाभर बघा.

आमचं फाटक अजून राहिलंय. तिथल्या कॅमेऱ्याला चौदा इंची भिंतीपलीकडून सिग्नल जेमतेम पोचतो. त्यासाठी तिसरा डबा घेणार नाही. केबलवरूनच वीज घेणारा बाहेरचा ॲक्सेस पॉइंट पोर्चमध्ये लावायचाय, पाऊस सुरू व्हायच्या आत.