कुंडीतल्या लिंबू-संत्र्याला हिवाळ्यात कोणता दिवा लावावा?

ओसरी दक्षिणेकडे उघडत असेल तर दिवा विकत घेऊ नका. २२ डिसेंबरच्या सुमारास नागपूर-अमरावती पट्ट्यात भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. त्यामुळे ऊन ओसरीत आतपर्यंत येते, आणि रोज पाच-सहा तास असे ऊन मिळाले की कागदी लिंबू, कुंडीतला संत्रा दोन्ही मजेत राहतात. दिव्याचा खर्च पटतो तो उत्तरेकडच्या खोलीत, जाड भिंतीच्या आणि लहान खिडकीच्या घरात, थंडीच्या लाटेत कुंड्या बरेच दिवस आत ठेवाव्या लागतात तेव्हा, आणि जंभेरीची (कलमासाठी खुंट म्हणून वापरायच्या लिंबाची) रोपे ट्रेमध्ये वाढवायची असतील तेव्हा. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री लहान रोप आत घ्यावेच लागते, आणि मग उजेडाचा प्रश्न उभा राहतो.

दुकानात पहिला प्रश्न वॅटचा विचारला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. विचारायचे ते पीपीएफडी, म्हणजे दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणारा, झाडाच्या उपयोगाचा उजेड. तो मायक्रोमोलमध्ये सांगतात. रोपांच्या ट्रेला १०० ते २०० पुरे. खिडकीतून थोडे ऊन येत असेल तर मोठ्या झाडाला हिवाळा काढायला २०० चालतात. ऊन अजिबात नसेल आणि नवी पालवी, फळ टिकवायचे असेल तर ४०० लागतात, तेही रोज १२ तास. याउलट बाहेरचे भर दुपारचे कडक ऊन २००० च्या घरात असते. खोलीतला जो उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, तो झाडासाठी उपासच असतो.

मोजायला महागडे यंत्र नको. मोबाइलमध्ये लक्स (डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचे माप) मोजणारे मोफत ॲप घ्या, फोनचा स्क्रीन दिव्याकडे करून शेंड्याच्या उंचीवर धरा आणि आलेला आकडा ६८ ने भागा. १३,६०० लक्स म्हणजे साधारण २०० मायक्रोमोल, २७,००० म्हणजे ४००. हा हिशेब फक्त पांढऱ्या एलईडीला लागू होतो आणि फोनप्रमाणे थोडा मागेपुढे होतो, पण घरच्या कामाला पुरतो.

आता बाजारात मिळणाऱ्या दिव्यांकडे येऊ.

साधी २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. अशा चार ट्यूब दोन फूट बाय चार फूट जागेवर, शेंड्यापासून १५-२० सेंटीमीटरवर लावल्या तर १२० मायक्रोमोलच्या आसपास उजेड मिळतो आणि तो सगळीकडे सारखा पडतो. जंभेरीच्या ट्रेला यापेक्षा चांगले काही नाही. ६५०० केल्विनची (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा पाकिटावर असतो) पांढरी ट्यूब घ्या, रोप ठेंगणे आणि भरीव राहते. पण तीन फुटी लिंबाच्या झाडाला ती कमी पडते, कारण उजेड वरच्या पानांतच संपतो.

मोठ्या झाडासाठी आमची पसंती पांढऱ्या, फुल स्पेक्ट्रम (सगळ्या रंगांचा उजेड असलेल्या) एलईडी बोर्डाला आहे. ३५०० ते ४००० केल्विनचा, मागे ॲल्युमिनियमची पट्टी आणि वेगळा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) असलेला. चांगला बोर्ड एका वॅटमागे सेकंदाला २.५ मायक्रोमोल उजेड देतो, साधी ट्यूब १.४ च्या आसपास. म्हणजे ८० वॅटचा बोर्ड सेकंदाला एकूण २०० मायक्रोमोल उजेड देतो, तर २० वॅटच्या चार ट्यूब मिळून ११२. वीज दोन्हीकडे सारखीच: १२ तासांत ०.९६ युनिट, महिन्याला सुमारे २९ युनिट. बोर्डाची किंमत जास्त पडते, पण एका हिवाळ्यापुरते नाही, दरवर्षी वापरायचे असेल तर बोर्डच घ्यावा. दोन फूट बाय दोन फूट जागेवर ४०-४५ सेंटीमीटर उंचीवर टांगला की हा उजेड लहान जागेत एकवटतो आणि ८० वॅटमध्ये ४०० पीपीएफडी गाठता येतो. खिडकीचे ऊन जोडीला असेल तर ४० वॅटचा पुरे.

जांभळा उजेड देणारे लाल-निळे पॅनेल घेऊ नका. झाड त्या उजेडात वाढते, हे खरे आहे. अडचण माणसाची होते. पानांवरची नागअळीची वळणे, लाल कोळीचे बारीक ठिपके, शिरांमधला पिवळेपणा यातले काहीच त्या प्रकाशात दिसत नाही. रोग कळेपर्यंत पानगळ सुरू झालेली असते. लक्स ॲपही तिथे निरुपयोगी ठरते. क्लिपने टेबलाला अडकवायचे १०-२० वॅटचे दिवे वीतभर रोपापुरते ठीक. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तो पिवळा बल्ब मात्र झाडावर लावू नये. त्यातून उष्णताच फार मिळते, उजेड नावापुरता.

ऑनलाइन विक्रीत '१००० वॅट' लिहिलेला पॅनेल प्रत्यक्षात शंभरेक वॅटच ओढतो, असे सर्रास आढळते. हे घरच्या मीटरवर तपासता येते. घरातले बाकी सगळे बंद करा, फक्त पॅनेल लावा आणि मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती लुकलुक होतात ते मीटरवरच छापलेले असते. ३२०० असेल तर १०० वॅटला तीन मिनिटांत १६ लुकलुक होतात. खरेच १००० वॅट असते तर १६० झाल्या असत्या.

गावाकडे दिवा जळतो तो बहुतेक व्होल्टेजमुळे. लाइन आल्याबरोबर येणारा झटका ड्रायव्हर खातो. ज्या दिव्यात ड्रायव्हर वेगळा नसून एलईडीच्याच पाटीवर बसवलेला असतो, तो आधी जातो आणि दुरुस्तही होत नाही. म्हणून वेगळा ड्रायव्हर बघा, त्यावर १०० ते ३०० व्होल्टची मर्यादा आणि सर्ज संरक्षण लिहिलेले असावे. ॲल्युमिनियमच्या बोर्डाला अर्थिंग द्याच. पानांवर फवारायचे असेल तेव्हा दिवा बंद करून प्लग काढा.

टायमर घेताना एक चूक नेहमी होते. चक्रीचा टायमर स्वस्त असतो, पण लाइन गेली की त्याचे घड्याळही थांबते. चार दिवसांत सकाळी सहाचा दिवा अकराला लागायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. भारनियमनात दिवा इन्व्हर्टरवर मात्र टाकू नका. झाडाला दिवसभराचा एकूण उजेड हवा असतो. दुपारी दोन तास गेले तर संध्याकाळी दोन तास वाढवा. लिंबू-संत्र्याचा बहार दिवसाच्या लांबीवर ठरत नाही, तो थंडी आणि पाण्याच्या ताणावर येतो. त्यामुळे तास मागेपुढे झाल्याने बिघडत नाही, आणि दिवा लावून आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) लवकर येईल ही आशाही ठेवू नये.

भिंतीला चुना मारलेला असेल तर उत्तम, नाहीतर जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू झाडाकडे करून लावा. बाजूच्या पानांना उजेड मिळतो, खर्च शून्य.

दिवा चांगला, तरी हिरवी पाने पटापट गळतात, ही सगळ्यांत जास्त येणारी तक्रार. दोष बहुधा कुंडीखालच्या थंड फरशीचा असतो. माती १३ अंशांखाली गेली की मुळे जवळपास काम थांबवतात. वर पाने उजेडात पाणी उडवत राहतात, खालून पुरवठा होत नाही, आणि झाड पाने टाकून देते. कुंडी लाकडी पाटावर किंवा थर्माकोलवर ठेवा, पाणी सकाळी दहानंतर, कोमट करून द्या, आणि वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय देऊ नका. शेतातली काळी माती कुंडीत भरली असेल तर ती हिवाळ्यात वाळतच नाही, मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) तिथून सुरू होतो.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर उजेड वाढवून उपयोग नाही. ती लोहाची कमतरता आहे, बोअरच्या जड पाण्याने आणि चुनखडीच्या मातीने येते. चिलेटेड लोह (चुनखडीच्या मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातले लोह) द्या. उजेड कमी पडल्याची खूण वेगळी असते: फांदी लांबट, दोन पानांमधले अंतर वाढलेले, शेंडा खिडकीकडे झुकलेला. आणि वरचीच पाने फिकट, पांढुरकी होऊन कडा वर वळल्या तर दिवा फार जवळ आहे, १० सेंटीमीटर वर घ्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर दिव्याचे काम संपते. मार्चचे ऊन चढण्याआधी कुंड्या बाहेर काढा: पहिले तीन दिवस फक्त सकाळचे एक तास ऊन, मग रोज अर्धा तास वाढवत १०-१२ दिवसांत पूर्ण उन्हात. ४०० मायक्रोमोलला सवयीची पाने एकदम २००० मध्ये ठेवली तर एका दुपारीत करपतात.