ब्रनो मॉडेल २ ची मॅगझिनं : दहा महिने वापरल्यानंतर

बाबांनी सत्तरी ओलांडली आणि त्यांची पॉइंट टू टू (.२२) ब्रनो मॉडेल २ रायफल माझ्या परवान्यावर आली, तेव्हा तिच्यासोबत एकच मॅगझिन होतं, म्हणजे राऊंड (काडतुसं) भरून रायफलला खालून लावायची डबी. पाच राऊंडचं, पोलादी पत्र्याचं, कडांचं ब्लूइंग (पोलादावरचा गंज रोखणारा काळसर थर) उडून पांढरं पडलेलं. त्या एकाच मॅगझिनवर बाबांनी चाळीस वर्षं काढली. मला मात्र धास्ती होती की हे रेंजवर कुठे पडलं, दबलं, तर रायफल एकेरीच होऊन बसेल. म्हणून सप्टेंबर २०२४ पासून मी जादाची मॅगझिनं जमवायला लागले. आता जुलै २०२५ संपत आलाय. या काळात साधारण चौदाशे राऊंड त्यांतून गेले. मधले काही आठवडे विधानसभेच्या आचारसंहितेत रायफल पोलिस ठाण्यात जमा होती, ते सोडून द्या.

आधी एक खुलासा करते, कारण स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळाल्यापासून आमच्या क्लबात नवी मुलं येतात आणि पहिला प्रश्न मॅगझिनचा विचारतात. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन. त्यात एकेक राऊंड हाताने भरायचा असतो, मॅगझिन लागतच नाही. बालेवाडीच्या रेंजवर त्या प्रकाराची तयारी करायची असेल तर या लेखातलं काहीही तुमच्या कामाचं नाही. मी मारते ती साधी स्पोर्टिंग रायफल, क्लबच्या पाच-पाच राऊंडच्या फेऱ्यांसाठी. पालथं झोपून नेम धरल्यावर प्रत्येक राऊंडला गाल उचलायचा नसतो. बोल्ट (राऊंड नळीत ढकलणारा दांडा) ओढायचा, ढकलायचा, श्वास सोडायचा. ही लय मॅगझिन देतं, आणि ते बिघडलं की लय पहिल्यांदा मोडते.

मी भोसरीत पत्र्याच्या पार्ट्सच्या तपासणीत काम करते. दिवसभर व्हर्नियर आणि गेज हातात असतात. त्यामुळे 'बसतं का' या प्रश्नाचं उत्तर मला 'हो' किंवा 'नाही' असं पुरत नाही. मॅगझिन खटक्याला अडकलं म्हणजे बसलं, असं दुकानदार मानतो. माझ्या लेखी ते अर्धंच बसलं. वरचा राऊंड बोल्टसमोर किती उंचीवर, कोणत्या कोनात उभा राहतो, हे उरलेलं अर्धं.

पॉइंट टू टूच्या राऊंडला मागे कडा असते, म्हणजे रिम. ती साधारण ७ मिमी व्यासाची आणि खालची नळी ५.७ मिमीची. राऊंड एकावर एक रचताना वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे पडायला हवी. मागे पडली तर बोल्ट वरचा राऊंड ढकलताना ती खालच्यात अडकते. म्हणून या रायफलचं मॅगझिन सरळ नसून तिरकं असतं. आणि गोळी असते नुसत्या शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर. नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ. मोठ्या रायफलची तांब्याचं कवच असलेली गोळी जे धक्के सहज पचवते, ते हिला सोसत नाहीत. चौदाशे राऊंडनंतर माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. खराब मॅगझिन अडकण्याच्या कितीतरी आधी गोळीचं नाक खराब करतं, आणि ते तुम्हाला कळत नाही. तुम्ही आपल्या श्वासाला, ट्रिगरला, वाऱ्याला दोष देत बसता. मी तीन महिने तेच केलं.

मॉडेल २, नंतरची सीझेड ४५२ आणि ४५५, आताची ४५७, या एकाच घराण्यातल्या रायफली. त्यामुळे त्यांची पॉइंट टू टूची मॅगझिनं बहुतेक वेळा एकमेकींत चालतात. त्या जोरावर मी तीन प्रकारची घेतली. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणून सगळी परवानाधारक दुकानांतून, परवाना दाखवून, पावती घेऊन घेतली. कुणी परदेशातून बॅगेत घालून आणून देतो म्हणालं तर स्पष्ट नको म्हणा.

पहिली दोन म्हणजे जुना शिल्लक माल. एक जुनं दुकान बंद झालं, त्याचा उरलेला साठा दुसऱ्या विक्रेत्याकडे आला, त्यात ही होती. न वापरलेली, तपकिरी मेणकागदात गुंडाळलेली. कागद उलगडला तर आत ग्रीस गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं. फॉलोअर, म्हणजे राऊंड वर ढकलणारा आतला तुकडा, बोटाने दाबला तो खाली गेला आणि तिथेच राहिला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गेलेलं आहे, कमी करून देतो." मी दोन्ही घेतली, प्रत्येकी अठराशेला.

घरी खालची पट्टी सरकवून स्प्रिंग आणि फॉलोअर बाहेर काढले आणि सगळं रॉकेलमध्ये रात्रभर ठेवलं. सकाळी जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी पुसलं. आतून जे निघालं ते बघून मी बाबांना हाक मारली. ब्लूइंग काळंभोर, एक डाग नाही. ओठांच्या, म्हणजे राऊंड ज्यांच्याखाली अडून राहतो त्या वरच्या दुमडलेल्या कडांच्या आतल्या धारा हाताने घासून गोल केलेल्या. भिंगातून पाहिलं तर घासल्याच्या बारीक रेघा गोळी सरकते त्याच दिशेने. कुणीतरी हे करताना विचार केला होता. बाबा म्हणाले, "अगं, माझं नवं होतं तेव्हा अस्संच होतं." ते हातात धरून बसले थोडा वेळ.

माप घेतलं. बाबांच्या मॅगझिनची बॉडी आणि या दोघांची बॉडी रुंदीला ०.०५ मिमीच्या आत जुळली. पण ओठ एकाचे जुळले, दुसऱ्याचे नाही. दुसऱ्याचा डावा ओठ पुढच्या टोकाला ०.३ मिमी आत दबलेला होता. बहुधा इतक्या वर्षांत वर काहीतरी जड पडलं असावं. म्हणजे सारख्याच कागदातला, सारख्याच किमतीचा माल, आणि एक उत्तम तर एक संशयास्पद. जुना शिल्लक माल घेताना खोका बघून घेऊ नका, नग बघून घ्या. पहिल्याने दहा महिन्यांत एकदाही त्रास दिला नाही. दुसरं एका जाणत्या गनस्मिथकडून ठीक करून आणलं. मी स्वतः पक्कड लावली नाही, कारण हा पत्रा कडक केलेला असतो, चुकीचा वाकवला तर तडकतो. आता तेही चालतं, पण स्पर्धेला मी ते नेत नाही.

तिसरं मॅगझिन बाहेरच्या एका कंपनीचं, दहा राऊंडचं, काळ्या प्लॅस्टिकचं. नवंकोरं, पावणेचार हजार रुपये. पाकिटावर माझ्या रायफलचं नाव होतं. खटक्याला टचकन बसलं, इतकं छान की मी तिथल्या तिथे खूश झाले. पहिल्या दिवशी चाळीस राऊंड विनातक्रार. मग हळूहळू माझे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचे पाच छिद्रांचे पुंजके, फुटायला लागले. पाचातल्या तीन गोळ्या एकत्र, दोन भटकलेल्या. तीन महिने मी पट्टा बदलला, कोपराची जागा बदलली, राऊंडचा लॉट बदलला.

आमच्या क्लबात एक निवृत्त सुभेदार येतात. त्यांनी एक दिवस शेजारच्या चटईवरून बघितलं आणि म्हणाले, "ताई, बोल्ट अर्धा लावा आणि राऊंड परत काढून बघा. नाक बघा गोळीचं." बाहेर काढलेल्या राऊंडच्या नाकावर खालच्या बाजूला चपटा, चकचकीत डाग होता. आणि चेंबरच्या (नळीत राऊंड बसतो त्या जागेच्या) तोंडाशी, खालच्या कडेला, शिशाची एक कुरळी सालपट. पेन्सिल तासल्यावर निघते तशी, फक्त केसाइतकी बारीक. बाबांच्या मॅगझिनमधून तेच केलं, तर नाक स्वच्छ, मेणाचा थर जसाच्या तसा.

मोजलं तेव्हा उलगडा झाला. खटका अडकण्यासाठीचा दात प्लॅस्टिकच्या मॅगझिनवर थोडा वर होता, म्हणून सगळं मॅगझिन अर्धा मिमी खाली राहत होतं. शिवाय दाताला ढिलाई, हाताने दाबलं की वर, सोडलं की खाली. राऊंड खालून चढत येऊन चेंबरच्या कडेला नाक घासून आत जायचा. अडकायचा नाही, म्हणूनच लक्षात आला नाही. मी आधीच संशय धरून बसले असेन असं वाटून आम्ही चाचणी लावली. सुभेदारांनी मॅगझिन भरायचं, रायफलला लावायचं, मी खाली बघायचं नाही. ५० मीटरवर प्रत्येकाचे पाच राऊंडचे दहा ग्रुप, तीन रविवार, एकाच लॉटचे राऊंड. हाताने एकेक भरून सरासरी १९ मिमी. बाबांचं आणि जुन्या मालातलं चांगलं, दोन्ही २० मिमी. प्लॅस्टिकचं ३१ मिमी. एवढा फरक निघेल असं सुभेदारांनाही वाटलं नव्हतं.

विक्रेत्याला सांगितलं, फोटो दाखवले. तो म्हणाला, अडकत नाही ना, मग बदलून मिळणार नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं. पावणेचार हजारांपेक्षा जास्त वाईट याचं वाटलं की त्याच पाकिटातलं मॅगझिन घेऊन कुणी सतरा वर्षांचा पोरगा स्वतःच्या हाताला दोष देत बसेल.

याचा अर्थ प्लॅस्टिक वाईट असा घेऊ नका. क्लबातल्या एका मैत्रिणीकडे ४५५ आहे. तिचं सीझेडचं स्वतःचं प्लॅस्टिकचं पाचचं मॅगझिन मी दोन रविवार माझ्या रायफलला लावलं. उंची बरोबर, डुलणं नाही, नाकावर डाग नाही. शिवाय गंज नाही, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर ही मोठी सोय आहे. माझी अडचण सामग्रीशी नव्हती, मापाशी होती.

उरलं देशी बनावटीचं. एका वर्कशॉपने हाताने बनवलेली दोन, पोलादी पत्र्याची, प्रत्येकी बाराशेला. त्यांच्याबद्दल मला लिहायला बरंच आहे, कारण काम वाईट नाही आणि थोडक्यात राहून गेलंय. पत्रा योग्य जाडीचा. वेल्ड सरळ, बॉडीत कुठेही फुगवटा नाही. स्प्रिंग तर मूळ मॅगझिनपेक्षा जोरकस, शेवटचा राऊंडही पहिल्यासारखाच ठाम उभा राहतो. उंची दोन्हींची बरोबर. पण ओठांच्या आतली धार कापली तशीच सोडलेली. कानशीचे दोन हात फिरवायचे राहिले. बोट फिरवलं की बर (कापल्यावर उरलेली खरखरीत कड) टोचते, आणि ती बर राऊंडच्या दोन्ही अंगांनी मेण आणि शिसं ओढून काढते. शंभर राऊंडनंतर फॉलोअरवर राखाडी लोण्यासारखा थर जमलेला. ग्रुप २४ मिमी.

आणि गंज. वर नुसता काळा रंग दिलेला होता, ब्लूइंग नाही. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला मान्सून पुण्यात पोचला तेव्हा मॅगझिनं नेहमीसारखी कापडी पिशवीत होती. दहा दिवसांनी उघडलं तर देशी दोन्हींच्या खालच्या कोपऱ्यांत नारिंगी ठिपके. जुन्या मालातली दोन त्याच पिशवीत होती, त्यांना काही झालं नाही. आता सगळी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात असतात. वरून शिलाई मशीनच्या तेलाचा हात. तेल पुसल्यासारखंच लावायचं. आत साचलं की राऊंडच्या मेणात मिसळतं, धूळ धरतं आणि फॉलोअर जड होतो.

कुणी विचारलं तर माझा क्रम असा आहे. जुन्या शिल्लक मालातलं नीट निवडलेलं पोलादी मिळत असेल तर तेच घ्या. नाही तर रायफलच्या कंपनीचं स्वतःचं, भले महाग पडो. बाहेरच्या कंपनीचं घ्यायचंच असेल तर दुकानात रायफल नेऊन, डमी (बिनदारूचा) राऊंड लावून, बोल्ट हळू ढकलून घ्या. डमी परत काढून नाक बघा. मॅगझिन लावल्यावर खालून अंगठ्याने वर दाबा, हललं तर ठेवून द्या. दहा राऊंडच्या मोहात पडू नका. पालथं झोपल्यावर ते खाली लांब लोंबतं, सँडबॅगला टेकतं, आणि टेकलं की पुन्हा उंची बदलते. पाचाचं रायफलच्या पोटाशी आटोपशीर राहतं.

देशी वर्कशॉपच्या काकांकडे मी मागच्या महिन्यात गेले होते. भिंग आणि खराब झालेले चार डमी राऊंड घेऊनच. त्यांना राग येईल अशी भीती होती. त्यांनी भिंग हातात घेतलं, ओठाची धार बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, "इथं मी बघितलंच नव्हतं कधी. मी फक्त राऊंड जातो का एवढंच बघायचो." बाबांचं मॅगझिन त्यांनी मापं घ्यायला मागितलं, मी दिलं नाही. पण शेजारी बसून सगळी मापं काढून दिली. परवा त्यांनी नवं बनवून पाठवलं. धार गोल आहे, बोट फिरवलं तर काही लागत नाही. या वेळी ब्लूइंगही केलंय. उजवा ओठ अजून ०.१ मिमी उंच वाटतो. रविवारी पाऊस उघडला की पहिले पन्नास राऊंड त्यातूनच मारीन.